साळूबाईची चुकचुक

१

करुणा मगरेच्या दवाखान्याला दवाखाना म्हणायचं की नाही, यावर उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीचं अजून एकमत झालं नव्हतं. तिथं सुई नाही, औषध नाही, तपासायचं टेबल नाही. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत विशाखा वही आणि फोन घेऊन बसायची. आतल्या खोलीत दोन खुर्च्या, पुस्तकांचं कपाट आणि एक बुटकं लाकडी स्टूल. लोक जिना चढून येत, पन्नास मिनिटं बोलत, कधी रडत आणि डोळे पुसत उतरून जात. खालचा झेरॉक्सवाला म्हणायचा, मॅडमकडं माणसं रिकामी व्हायला येतात. करुणाला हे वाक्य इतकं आवडलं होतं की शनिवारी कॉलेजात शिकवताना तिनं ते दोनदा वापरलं होतं.

त्या स्टुलावर कुणी बसायचं नाही. ती तिची पद्धत होती. जो आवाज माणसाच्या मनात सारखा टोचत असतो, तुझं चुकलं, तू वाईट, असं म्हणत असतो, त्याला स्टुलावर बसवायचं आणि त्याच्याशी बोलायचं. कुणी बापाला बसवायचं, कुणी आजोबांना, एकानं तर शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना बसवलं होतं. शेवटच्या दिवशी करुणा सांगायची, "आता हा आवाज इथंच ठेवा आणि जा."

विशाखा थट्टा करायची. "मॅडम, लोकांची पिडा तुम्ही इथंच ठेवून घेता. एक दिवस जागा पुरायची नाय."

एप्रिलमधल्या एका सोमवारी, दुपारी चारच्या सुमाराला, करुणा सोमनाथची फाईल पुरी करत होती. कुलर घरघरत होता. 'प्रगती समाधानकारक. प्रकरण बंद.' असं तिनं लिहिलं, शेवटचा पूर्णविराम दिला, आणि पाठीमागं कुणीतरी जीभ टाळूला लावून सोडली.

च्च.

मोठा आवाज नव्हता. पोरानं दूध सांडलं की घरातलं वडीलधारं माणूस करतं तेवढाच. करुणानं वळून पाहिलं. भिंत, कपाट, कोपऱ्यात स्टूल.

"विशाखा, पाल आहे गं इथं."

विशाखा झाडू घेऊन आली, कपाटामागं पाहिलं, पडदा झटकला. "दिसत नाय कुठं. पण पाल चुकचुकली म्हणजे बोललेलं खरं असतं म्हणतात."

"मी बोलत नव्हते. लिहीत होते."

"मग लिहिलेलं खरं असंल," विशाखा म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.

२

सोमनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सिल्लोडकडचा, चाळिशीचा, अंगानं दणकट. पण पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं म्हणून. त्याच्या हाताखाली रत्नमाला नावाची बाई काम करायची. ती विशाखाची सख्खी भावजय. साहेब डबा न उघडताच परत नेतात, हे बघून तिनंच त्याला सुचवलं होतं की माझी नणंद एका मॅडमकडं असते, तिथं एकदा जाऊन या.

दुखणं असं होतं की त्याची आई कानात चुकचुकायची. साळूबाईला जाऊन आठ वर्षं झाली होती. तिनं पोरावर कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. पोराचं चुकलं की कापूस वेचता वेचता, मान वर न करता, एकदाच चुकचुकायची.

"मारलं असतं तर बरं झालं असतं मॅडम," सोमनाथ म्हणाला होता. "मार विसरतो माणूस. हे नाय विसरत."

करुणाला हे प्रकरण पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. पुस्तकात असतं अगदी तसं. आईबाप मरतात, त्यांचा धाक मरत नाही. तो पोराच्या मनात वरच्या मजल्यावर जाऊन राहतो आणि तिथून घर चालवतो. मनोविश्लेषणात त्याला पराहम् म्हणतात. साध्या माणसाच्या भाषेत, मनाची टोचणी. गंमत अशी की हा वरचा मालक खऱ्या आईबापापेक्षा कडक असतो. केलेल्या चुकीची शिक्षा देतोच, नुसत्या मनात आलेल्या चुकीचीही देतो. खाली राहणारा बिचारा मग भाडेकरूसारखा दबून असतो. त्या मालकाचा आवाज जरा खाली आणायचा, हे करुणाचं काम होतं, आणि त्यात तिचा हातखंडा होता.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी सोमनाथ घामेजून आला. पाणी प्यायला आणि एका दमात बोलला.

"पत्रा दाबायच्या प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो मॅडम. हात आत असला की प्रेस खाली येत नाय. पण तो उगंच लाईन थांबवायचा, काम व्हायचं नाय. मी बायपास केला. कागदावर चालू दाखवतो. वरच्या साहेबाला ठाव नाय. त्या प्रेसवर रत्नमालाबाई बसती, तिलाबी ठाव नाय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "आई दिवसभर चुकचुकती. सांगून टाकू का साहेबाला?"

इथं करुणा चुकली. क्रांती चौकातल्या कुठल्याही टपरीवाल्यानं सांगितलं असतं, बाबा, आधी सेन्सर लाव, आईचं मग बघू. पण करुणा शिकलेली होती. तिला समोर प्रेस दिसला नाही, प्रकरण दिसलं. ती पुढं झुकली आणि तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "सोमनाथ, हा आवाज कुणाचा आहे?"

"आईचा."

"तुमचा नाही?"

त्यानं स्टुलाकडं पाहिलं. मग हळू म्हणाला, "नाय."

त्या दिवसापासून तो सुधारत गेला. झोप लागायला लागली, डबा संपायला लागला. सेन्सरचं पुढं काय झालं हे करुणानं विचारलं नाही. तो विषय काढत नाही, म्हणजे मिटलं असेल, असं तिनं गृहीत धरलं. शेवटच्या शुक्रवारी सोमनाथनं आईला स्टुलावर बसवलं, हात जोडले, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि शीळ घालत जिना उतरून गेला.

३

मंगळवारी दोनदा झालं, बुधवारी चारदा.

करुणा काही भुताखेतांना भिणाऱ्या घरातली नव्हती. तिच्या वडलांनी नवस, अंगारे, उतारे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं आणि लेकीला शिकवलं होतं की आधी कारण शोध. तिनं कारण शोधलं. पाल नाही हे नक्की झाल्यावर कुलर बंद केला. बाहेर एक्केचाळीस अंश. घाम पुसत, कान देऊन ती पंधरा मिनिटं बसली. काही नाही. कुलरचाच पत्रा वाजत होता तर, असं म्हणून ती बटण दाबायला उठली.

बाहेर विशाखा फोनवर बोलत होती. "वहिनी, डबा नेलास का? का घाईत तशीच गेलीस कामावर?"

च्च.

कुलर बंदच होता. आवाज कोपऱ्यातून आला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

स्टुलाला तोंड नसतं आणि पाठ नसते. तरी करुणाला त्या क्षणी असं वाटलं, की इतके दिवस ते आपल्याकडं पाठ करून होतं आणि आता नाही. हे वाटणं किती पोरकट आहे हेही तिला कळलं. दोन्ही एकाच वेळी कळलं, आणि पहिलं कळणं काही केल्या जाईना.

गुरुवारी तिनं सोमनाथच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं काढली. त्याच्या परवानगीनं ती प्रत्येक बैठक फोनवर घेत असे. तिला वाटत होतं की सोमनाथलाच चुकचुकायची सवय असणार, ऐकून ऐकून आपल्या कानात बसली. तिनं दिवाळीनंतरचा तो शुक्रवार लावला. सोमनाथचा श्वास, पाण्याचा ग्लास, सेन्सरची हकीकत. सगळं सरळ होतं. तो बोलत असताना एकदाही आवाज आला नाही.

मग तिचा स्वतःचा मऊ आवाज आला. "सोमनाथ, हा आवाज कुणाचा आहे?"

च्च.

"तुमचा नाही?"

च्च.

तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुढच्या बैठका लावल्या. पाच महिन्यांची ध्वनिमुद्रणं. सोमनाथच्या कुठल्याच वाक्यामागं काही नव्हतं. जिथं जिथं करुणा त्याला समजावत होती, तिथं तिथं तिच्या वाक्याच्या शेवटाला कुणीतरी, अगदी जवळून, चुकचुकत होतं. आणि तेव्हा खोलीत दोघांनाही ते ऐकू आलं नव्हतं.

ती खरोखर घाबरली. तिनं फोन उलटा ठेवला, वर एक जाड पुस्तक ठेवलं, आणि मग आपल्याच या करण्याची तिला लाज वाटली.

४

त्याच दुपारी तिनं सोमनाथला फोन केला. असा आपणहून फोन करायचा नसतो, पण केला.

"बोला मॅडम! लई बेस चाललंय. पोटभर जेवतो, पडल्या पडल्या झोप."

"सोमनाथ, तो सेन्सर. तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ना. तो नंतर जोडला असेल?"

"कशाला?" त्यानं अगदी सहज विचारलं. "उलट शेजारच्या प्रेसचाबी काढला मागच्या हप्त्यात. लाईन कशी पाण्यावानी चालती."

"पण तिथं रत्नमालाबाई बसतात."

"व्हय, तिथंच बसती. हात लई चालतो बाईचा."

"सोमनाथ, ऐका. ही खरी गोष्ट आहे. कुणाचा हात जाईल. तुम्हाला तेव्हा अपराधी वाटत होतं, ते बरोबर वाटत होतं. ते मी..." तिचं वाक्य अडलं. "ते आजच्या आज जोडा."

पलीकडं मशीनचा ठोका पडत होता. एक, दोन, तीन. मग सोमनाथ बोलला. आवाज मऊ होता, समजूतदार होता, आणि त्यात सिल्लोडच्या बोलीचा मागमूस नव्हता.

"मॅडम, हा आवाज कुणाचा आहे?"

करुणानं फोन ठेवला. माणूस बदमाश झाला असता तर तिला कळलं असतं, बदमाशाच्या आवाजात जोर असतो. या आवाजात तसलं काही नव्हतं. ज्या घराचा वरचा मजला कुणी अलगद उचलून नेला, त्या घरातून कुणीतरी तिच्याशी बोललं होतं.

५

आता करायचं काय, हे सांगायला कुणी शहाणा नको होता. दुसऱ्याच्या जिवाला किंवा हातापायाला धोका असेल तर गुपित पाळायचं नसतं, हे करुणा स्वतः मुलांना शिकवायची, परीक्षेत विचारायची. कारखान्यात एक फोन केला असता तरी पुरे. तेही नको, तर बाहेरच्या खोलीत दहा पावलांवर विशाखा बसली होती. तिला सांगायचं, तुझ्या वहिनीला म्हणावं उद्या त्या प्रेसवर बसू नको.

शुक्रवारी सकाळी विशाखाच हसत आत आली. "मॅडम, हे बघा. महिन्याची उत्तम कामगार म्हणून वहिनीचा फोटो लावला कंपनीत. दादानं पाठवला."

फोटोत रत्नमाला टोपी घालून, दोन्ही हातांनी प्रमाणपत्र धरून उभी होती. दहाही बोटं पुढं आली होती. उजव्या हातात हिरव्या बांगड्या.

च्च.

"विशाखा," करुणा म्हणाली.

"काय मॅडम?"

वाक्य तयार होतं. पण त्याच्यामागून येणारा प्रश्नही तयार होता: तुम्हाला कधी कळलं? आणि त्याचं उत्तर होतं, दिवाळीपासून. पाच महिने ही बाई आपल्या दारात बसते, आपल्याला पाणी आणून देते, आणि आपण पाच महिने... इतकं सोपं उत्तर करुणाच्या तोंडून बाहेर पडेना. मग विशाखा कुणाकुणाला सांगेल, कॉलेजात कळेल, गल्लीत कळेल. खाई त्याला खवखवे म्हणतात; करुणाचा घसा अक्षरशः खवखवत होता.

"छान आलाय फोटो," ती म्हणाली.

च्च. च्च.

सोमवारी सांगू, असं तिनं ठरवलं. सोमवारी सकाळी पहिल्यांदा हेच. तोवर दोन दिवस गेले तर काय आभाळ कोसळणार नाही. पण शुक्रवारपासून चुकचुक खोलीत राहिली नाही. रिक्षात बसली तर शेजारी. घरी मेथी निवडायला घेतली तर काडीगणिक. शनिवारी वर्गात ती फळ्यावर 'पराहम्' लिहीत होती आणि 'म्' चा पाय मोडताना आवाज इतका जवळून आला, की आपल्याच तोंडातून आला की काय, म्हणून तिनं खालचा ओठ दातांखाली घट्ट धरला. मुलं वाट बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ओठाला काय झालं?" तिनं हात लावून पाहिलं तर रक्त होतं.

६

रविवारी दुपारी ती एकटीच दवाखान्यात आली. झेरॉक्सचं दुकान बंद होतं, गल्ली उन्हानं ओस पडली होती. तिनं बाहेरचं दार आतून लावलं, आतल्या खोलीचंही लावलं, कडी घातली. स्वतःच्या खुर्चीत न बसता समोरच्या खुर्चीत बसली आणि स्टूल ओढून पुढ्यात घेतलं. बुटकं स्टूल, पण ते ओढायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

"हे बघा," ती मान खाली घालून म्हणाली. तिला स्वतःचं हसू आलं, पण तिनं पद्धत सोडली नाही. "तुम्ही माझ्या नाही. तुम्ही सोमनाथच्या आई आहात. तुमचं माझ्याकडं काही काम नाही."

च्च.

"मी उद्या सांगणार आहे. नक्की सांगणार आहे."

काही नाही. त्या शांततेचा अर्थ तिला बरोबर कळला, आणि त्यानं ती चिडली. आठ दिवसांची झोप, ओठ, भीती, सगळं एकदम वर आलं. "नाही सांगणार मग!" ती ओरडली. "काय करायचं ते करा. हा आवाज माझा नाही. मी तो इथं ठेवतेय. ऐकलं? इथं ठेवतेय."

कापड सळसळलं.

करुणाची मान खालीच होती. डोळ्यांपुढं स्टुलाचे पाय होते, फरशी होती, आणि फरशीवर दोन पावलं होती. अनवाणी, रुंद, टाचांना भेगा, भेगांत काळी माती. वरून विरलेल्या लुगड्याचा काठ. म्हातारं माणूस उठतं तसं गुडघ्यावर हात टेकून कुणीतरी उठलं. पावलं वळली. सावकाश तिच्या खुर्चीच्या बाजूनं गेली, तेव्हा तिला उन्हात तापलेल्या रानाचा वास आला.

दाराशी पावलं थांबली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. जाणाऱ्या पाहुण्याला कुणी बस म्हणेल का, म्हणून माणूस उंबऱ्यात जरा रेंगाळतं, तसं कुणीतरी तिथं थांबलं होतं. थांबा, एवढा एक शब्द पुरला असता. मान वर केली असती तर तोंडही दिसलं असतं. कुणास ठाऊक का, पण ते तोंड साळूबाईचं नसणार अशी तिची खात्री झाली, आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा आतल्या दाराची कडी निघालेली होती आणि बाहेरचं दार सताड उघडं होतं. जिन्यातून ऊन आत आलं होतं. तिनं कान दिला. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "नाही सांगणार."

खोली गप्प राहिली. सुंठीवाचून खोकला गेला. तिला एवढं हलकं वाटलं, की ती खुर्चीतच झोपली आणि पाच वाजता भूक लागून उठली.

७

सोमवारी तिनं सांगितलं नाही. टाळलं असंही नाही. आठवण होती, पण गॅसचा नंबर लावायचा राहिला असावा, तितपतच.

बुधवारी साडेअकराला विशाखाचा फोन वाजला. मग बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला. विशाखा आत आली तेव्हा तिचा पदर जमिनीवर लोळत होता.

"मॅडम, वहिनीचा हात... प्रेसमधी... घाटी दवाखान्यात नेलंय. उजवा. दादा म्हणतो, बोटं नाय राहिली." ती फरशीवरच बसली. "दोन लेकरं हायत मॅडम तिला. धाकटीची वेणी अजून तीच घालती."

आपल्याला वाईट वाटायला हवं, हे करुणाला माहीत होतं. ती वाट बघत बसली. दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथं जाते, तशी तिनं आत चाचपणी केली. तिथं खळगासुद्धा नव्हता. सगळं गुळगुळीत होतं.

"पाणी पी," ती म्हणाली आणि ग्लास पुढं केला.

विशाखानं तो घेतला नाही. "सोमनाथसाहेब म्हणत्यात तिचंच चुकलं. पण दादा म्हणतो, सेन्सर बंद होता. कधीपासूनचा बंद होता आणि कुणी सांगितलंच नाय." ती हुंदक्यांनी हलत होती. "कुणाला तरी म्हाईत असंल की मॅडम! एवढ्या माणसांत कुणाला तरी म्हाईत असंल ना?"

तसा तो प्रश्न करुणाला नव्हता. पण तिला उत्तर येत होतं, म्हणून तिनं दिलं.

"मला माहीत होतं. दिवाळीपासून."

किती सोपं होतं! यासाठी आपण घसा कोरडा करून बसलो होतो, याचं तिला नवल वाटलं.

विशाखानं मान वर केली. "काय म्हणालात?"

"सोमनाथनी इथंच सांगितलं होतं, सेन्सर काढलाय म्हणून. तिथं तुझी वहिनी बसते, हेही सांगितलं होतं." करुणानं शब्द सावकाश, सुटे सुटे उच्चारले. समोरचा नीट ऐकत नसेल तर असंच बोलावं, हे तिला माहीत होतं. "तुला सांगायचं होतं मी. मग राहून गेलं."

विशाखाचं रडणं थांबलं. ती उठली. करुणाच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे; तिनं तोंडाला पदर लावला आणि एक पाऊल मागं घेतलं, मग दुसरं. करुणाकडं पाठ न करता, पाठीमागं हात नेऊन ती दार चाचपू लागली. बोटं चौकटीवर घसरत होती.

"अगं, दार उघडंच आहे," करुणा म्हणाली.

विशाखा धडपडत जिन्याकडं धावली. ही एवढी कशाला घाबरली, ते करुणाला खरंच कळेना.